विद्यापीठाची मोजपट्टी आणि ‘सवलत’ नावाचा गैरसमज

१. ‘सवलत’ या शब्दातील अडचण

अपंग विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक दिला जातो, तासामागे वीस मिनिटे वाढवून मिळतात, त्याचा वर्ग तळमजल्यावर आणला जातो किंवा एखाद्या पुस्तकाची ध्वनिमुद्रित प्रत त्याच्यासाठी तयार होते, तेव्हा या सगळ्याला विद्यापीठाच्या परिपत्रकापासून शिक्षक-खोलीतील गप्पांपर्यंत सर्वत्र एकच नाव असते: सवलत. सवलत देणे म्हणजे मूळ नियम जागच्या जागी ठेवून एखाद्यापुरता तो सैल करणे. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, घेणाऱ्याने तिची जाणीव ठेवावी अशी अपेक्षा असते, आणि ती घेऊन मिळवलेले यश नकळत थोडे उणे धरले जाते. एसटीच्या तिकिटाला हा शब्द शोभतो. विद्यापीठाच्या शैक्षणिक व्यवहाराला तो लावला की प्रश्नाची मांडणीच चुकते, कारण मग चर्चा ‘किती उदार व्हायचे’ या एकाच दिशेने सरकते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, अपंगत्वाच्या संदर्भात विद्यापीठाकडे जे बदल मागितले जातात ते बहुतांशी मोजणीतील चूक काढण्याचे काम आहे. ज्ञान देणे आणि ते मिळाले की नाही हे मोजून प्रमाणित करणे ही विद्यापीठाची दोन मूळ कामे असून, शरीराच्या ज्या ठेवणीचा त्या ज्ञानाशी संबंध नाही तिचा परिणाम गुणपत्रिकेवर पडू देणारे विद्यापीठ आपले स्वतःचे काम नीट करत नसते. अपंग विद्यार्थ्यावर अन्याय होतो हा या दोषाचा एक भाग झाला. त्या विद्यापीठाचे प्रमाणपत्र जे सांगतो म्हणते ते सांगत नाही, हा दुसरा भाग सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

२. दोन संकल्पना

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते येथे एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवस्थांना त्यात जागा मिळाली. (कायद्याच्या हिंदी-मराठी नावात ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आला खरा, परंतु शब्दात दिव्यत्व आल्याने इमारतीच्या पायऱ्या कमी होत नाहीत, या लेखात दोन्ही शब्द येतील.) भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी ज्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली त्याची पूर्तता म्हणून हा कायदा आला, आणि त्या करारातूनच दोन संकल्पना भारतीय कायद्यात उतरल्या.

पहिली संकल्पना सुगम्यतेची. इमारत, वाहन, पुस्तक, संकेतस्थळ अशी कोणतीही गोष्ट तयार करतानाच ती निरनिराळ्या शरीरांच्या माणसांना वापरता येईल अशी करणे म्हणजे सुगम्यता. ती कोणी मागण्याची वाट पाहत नाही. दुसरी संकल्पना वाजवी समायोजनाची. सुगम्यता असूनही एखाद्या विशिष्ट व्यक्तीची गरज भागत नसेल, तर तिला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क वापरता यावेत म्हणून त्या प्रसंगापुरते आवश्यक व योग्य असे फेरबदल करणे, मात्र त्यामुळे संस्थेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी भार पडू न देणे, असा या संज्ञेचा अर्थ कायद्याने केला आहे. ‘समायोजन’ हा शब्द महाराष्ट्रात अतिरिक्त शिक्षकांना दुसऱ्या शाळेत पाठवण्यासाठी इतका रुळला आहे की तो ऐकताच माणसाला कुठेतरी ढकलल्याचा भास होतो. येथे मात्र व्यक्ती जागेवर राहते आणि व्यवस्था हलते.

या दोन्हींतील नाते सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणातील ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले: सुगम्यता ही आधीची आणि सर्वांसाठीची जबाबदारी, समायोजन हे नंतरचे आणि व्यक्तीपुरते. परंतु ‘सवलत’ या शब्दाचा निकाल त्याहून आधी, २०१६ च्या कायद्यातील ‘भेदभाव’ या संज्ञेच्या व्याख्येतच लागला होता. वाजवी समायोजन नाकारणे हाही भेदभावच होय, असे ती व्याख्या सांगते. सवलत नाकारली तर कोणी भेदभाव केला असे होत नाही. फार तर माणूस कंजूष ठरतो. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरताच येत नाहीत.

३. बांधकामात दडलेला विद्यार्थी

नेहमीच्या समजुतीचा पाया असा असतो की विद्यापीठ ही एक तटस्थ जागा आहे आणि अपंग विद्यार्थी तेथे काहीतरी जास्तीचे मागतो. हा पाया तपासून पाहण्यासारखा आहे. वर्गात दिवे लावलेले असतात ते पाहणाऱ्यांसाठी. पूर्ण अंध व्यक्तीला त्यांचा उपयोग नाही, तरी विजेच्या बिलाला कोणी ‘डोळसांसाठीची सवलत’ म्हणत नाही. बाके असतात, कारण माणसे तासन्‌तास उभी राहू शकत नाहीत. चाकाची खुर्ची वापरणारा विद्यार्थी स्वतःचे आसन स्वतःबरोबर आणतो आणि बाकाचा खर्च वाचवतो. मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपक असतो, कारण साध्या कानाची ऐकण्याची मर्यादा ठरलेली आहे. दुसऱ्या मजल्यावर जाण्यासाठी जिना असतो, कारण कोणालाच उडता येत नाही. यांतील प्रत्येक गोष्ट शरीराच्या मर्यादेसाठी केलेली सोयच आहे. बहुसंख्यांची असल्यामुळे ती सोय म्हणून दिसत नाही, एवढेच.

म्हणजे प्रत्येक विद्यापीठ आपल्या बांधकामात, वेळापत्रकात आणि नियमांत एक काल्पनिक विद्यार्थी गृहीत धरून चाललेले असते. त्याला दिसते, ऐकू येते, तो झरझर लिहितो, तीन तास एका जागी बसतो आणि त्याचे चित्त विचलित होत नाही. या काल्पनिक विद्यार्थ्यासाठी केलेला खर्च ‘पायाभूत सुविधा’ या सदरात जातो आणि त्याच्याहून वेगळ्या विद्यार्थ्यासाठी केलेला ‘कल्याण’ या सदरात. हिशेबाची ही दोन सदरे एकदा वेगळी झाली की पुढचा सगळा वाद आपोआप वाकडा चालू लागतो.

याचाच एक परिणाम म्हणजे सुगम्यतेची कल्पना एका उतारापाशी येऊन थांबणे. मान्य मानकांनुसार उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे जोते तीन फूट उंच असेल तर उताराची लांबी किमान छत्तीस फूट हवी, शिवाय कठडे आणि मध्ये विसाव्याची सपाट जागा हवी. दहा-बारा फुटांत उरकलेला उतार दुचाकी चढवायला बरा पडतो, पण चाकाच्या खुर्चीसाठी तो धोक्याचा असतो. तपासणी समितीच्या तक्त्यात मात्र दोन्हींसमोर ‘आहे’ असेच लिहिले जाते.

४. परीक्षा नेमके काय मोजते

मोजणीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो परीक्षेत, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. कोणतीही परीक्षा दोन प्रकारच्या गोष्टी एकाच वेळी मोजते. इतिहासाच्या पदवी परीक्षेत विद्यार्थ्याला पेशवाईतील महसूलव्यवस्था समजली आहे का, हे मोजणे हा परीक्षेचा हेतू असतो; परंतु उत्तर हाताने लिहायचे असल्यामुळे त्याच्या बोटांचा वेग, प्रश्नपत्रिका छापील असल्यामुळे त्याची दृष्टी, आणि वेळ तीन तासांची असल्यामुळे त्याचा दम हेही न सांगता मोजले जाते. पहिल्या प्रकाराला सारभूत घटक आणि दुसऱ्याला आनुषंगिक घटक म्हणता येईल. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत आनुषंगिक घटकांतील फरक लहान असल्याने तो दुर्लक्षिता येतो. लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तोच फरक इतका मोठा होतो की गुणपत्रिकेवरील आकडा इतिहासाचा न राहता मनगटाचा होतो. तराजूच्या एका पारड्याखाली चिकटलेला खडा काढून टाकण्याला कोणी गिऱ्हाइकाला दिलेली सूट म्हणत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २६ फेब्रुवारी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा भेद एका शब्दाने टिपला होता. ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग सोडून त्याऐवजी भरपाईची वेळ असे म्हणावे, आणि ती तासाला वीस मिनिटांहून कमी नसावी, असे त्यांत सांगितले होते. जादा म्हणजे इतरांपेक्षा अधिक. भरपाई म्हणजे जे गेले ते परत. तीन तासांच्या परीक्षेत सांगून लिहून घेण्यात, प्रश्न पुन्हा वाचून घेण्यात आणि लेखनिकाने लिहिलेले तपासण्यात जो तास जातो तो परत मिळतो, म्हणून दोघांना प्रत्यक्ष विचार करण्यासाठी मिळालेली वेळ जवळपास सारखी होते. सूचना बदलल्या, तरी परीक्षा विभागांच्या तोंडी ‘जादा वेळ’च राहिली.

लेखनिकाच्या नियमात हीच गफलत उलट्या दिशेने दिसते. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असे २०१८ च्या सूचनांनी ठरवले. हेतू उघड आहे: लेखनिकाने उत्तर पुरवू नये. पण ज्याने अर्थशास्त्राची परिभाषा कधी ऐकलेली नाही त्याच्याकडून समतुष्टी वक्राची आकृती तोंडी सांगून काढून घेणे म्हणजे काय, याचा अनुभव कोणत्याही अंध विद्यार्थ्याला विचारावा. संशय टाळण्यासाठी केलेला नियम येथे मोजणीत नवीच चूक घालतो. दक्ष पर्यवेक्षक किंवा परीक्षेचे ध्वनिमुद्रण हा संशयावरचा नेमका उपाय झाला असता, आणि पडदावाचकासह संगणकावर स्वतः उत्तर लिहू देणे हा त्याहून चांगला.

याच तर्काने समायोजनाची मर्यादाही ठरते, आणि ती मान्य करणे प्रामाणिकपणाचे आहे. जे सारभूत आहे ते समायोजनाच्या नावाखाली वगळता येत नाही. मराठी शुद्धलेखनाच्याच परीक्षेत शुद्धलेखनाच्या चुका माफ करणे म्हणजे परीक्षा रद्द करणे. भूगोलाच्या परीक्षेत त्या माफ करणे म्हणजे भूगोल मोजणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली परिचर्या अभ्यासक्रमाला प्रवेश मागणाऱ्या श्रवणदोष असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात, अभ्यासक्रमाचे मूळ स्वरूपच पालटेल असा बदल संस्थेवर लादता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. तत्त्व योग्य आहे. प्रश्न एवढाच की ‘मूळ स्वरूप’ कोणते हे संस्थेने सिद्ध करायचे की नुसते म्हणायचे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याचे उत्तर दिले: वाचा व भाषेसंबंधीच्या अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याच्या वर गेली, एवढ्यावरून उमेदवार अपात्र होत नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही, याचे प्रत्यक्ष मूल्यमापन वैद्यकीय मंडळाने करून कारणे नोंदवली पाहिजेत. सर्जनाच्या हाताचे कौशल्य सारभूत असू शकते. प्रमाणपत्रावरील टक्केवारी कधीच सारभूत नसते.

५. मराठी मजकुराचा जिना

दगडी जिना निदान दिसतो. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यासमोर आणखी एक जिना असतो आणि तो डोळसांना दिसत नाही. अंध विद्यार्थी संगणकावर वाचतो तो पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर ध्वनीत किंवा ब्रेलमध्ये बदलणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने. एनव्हीडीएसारखी अशी प्रणाली फुकट मिळते आणि ती मराठी वाचते. परंतु ती मजकुराचे चित्र पाहत नाही, त्यामागचे संकेतांक वाचते. यूनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे संकेतांक आहेत. त्याआधीच्या सवयीने आजही पुष्कळ मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या टंकांत तयार होतो आणि त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळसाला पडद्यावर ‘महाराष्ट्र’ स्वच्छ दिसते; पडदावाचक मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ वाचून दाखवतो. पाने छायाचित्रासारखी स्कॅन करून केलेल्या पीडीएफमध्ये तर त्याला वाचायला काहीच सापडत नाही.

इंग्रजी माध्यमातील अंध विद्यार्थ्यापुढे टंकाची ही अडचण नसते, आणि म्हणून ती नियम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. भाषेची आणि अपंगत्वाची वंचना येथे एकमेकींवर चढतात. कायद्याचा अडथळा मात्र उरलेला नाही: २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुगम्य स्वरूपातील प्रत तयार करण्याची मुभा आली, आणि याच विषयावरील माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ साली पहिला देश ठरला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र चालते, म्हणजे एका महाविद्यालयाच्या आवाक्यातही हे काम येते. विद्यापीठाने अभ्यासमंडळाच्या टिपणांपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत सर्व मराठी मजकूर यूनिकोडमध्येच स्वीकारायचा ठरवले तर खर्च जवळजवळ काहीच नाही. लागतो तो फक्त टंकलेखकाची सवय मोडण्याचा निश्चय.

कर्णबधिर विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड आहे. जन्मतः कर्णबधिर असलेल्या व्यक्तीची पहिली भाषा सांकेतिक भाषा असेल, तर लेखी मराठी ही तिची दुसरी भाषा असते, आणि ‘सगळे लिहून देतो की’ हे उत्तर अपुरे पडते. कायद्याने दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट सुचवली आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची गरज तिने भागत नाही.

६. आक्षेप, आणि एक चुकीचे समर्थन

इतरांवर अन्याय होतो, हा पहिला आक्षेप. एकाला चार तास आणि दुसऱ्याला तीन, ही विषमता नव्हे काय? वेग हा त्या विषयाचा सारभूत घटक असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे. तसा तो असल्याचे कोणी दाखवत नाही. बहुतेक विषयांत तीन तास ही केवळ सभागृह रिकामे करण्याची सोय असते. या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो, हे आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावे: वेग महत्त्वाचा नसेल, तर तो कोणाच्याच बाबतीत मोजला जाऊ नये, आणि मग सावकाश विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची तक्रार रास्त ठरते. समायोजनाचा विचार परीक्षापद्धतीलाच असा आरसा दाखवतो, आणि कदाचित त्याला होणाऱ्या विरोधाचे खरे कारणही तेच असावे.

गैरफायद्याचा आक्षेप २०२४ साली महाराष्ट्रात गाजलेल्या एका प्रकरणानंतर जोरात आला. बनावट प्रमाणपत्र हा गुन्हा आहे आणि त्यावर कारवाई झालीच पाहिजे. परंतु लेखनिकाच्या हक्काविषयीच्या फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे, काहींनी गैरवापर करण्याची शक्यता हे गरजवंताला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. खोटे जातप्रमाणपत्र सापडले म्हणून आरक्षण रद्द होत नाही, आणि प्रश्नपत्रिका फुटल्या म्हणून विद्यापीठ बंद होत नाही.

खर्चाच्या आक्षेपाचे उत्तर व्याख्येतच आहे, कारण अवाजवी भार कायद्याने आधीच वगळला आहे. संस्थेने फक्त तो आकड्यांत दाखवायचा आहे. वर्ग तळमजल्यावर आणणे, टिपणे आठवडाभर आधी देणे, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापणे यांचा हिशेब मांडायला बसले की आक्षेप बहुधा तेथेच विरतो. लिफ्टचा खर्च खरा आहे, पण तो इमारतीचा खर्च आहे.

‘आमच्याकडे असे विद्यार्थीच नाहीत’ हे विधान आक्षेपापेक्षा कबुलीजबाबासारखे वाटते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२०-२१ साली ४ कोटी १४ लाख विद्यार्थ्यांमध्ये अपंग विद्यार्थी सुमारे ७९ हजार होते. हजारात दोन. शासकीय आणि अनुदानित संस्थांत पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन असताना ही संख्या येते, याचा अर्थ वाट दारापर्यंत येण्याआधीच तुटलेली आहे.

समर्थकांच्या एका लाडक्या युक्तिवादाकडेही येथे सावधपणे पाहावे लागते. उताराचा उपयोग सामान ओढणाऱ्यांना होतो, उपशीर्षकांचा सगळ्यांना होतो, म्हणून सुगम्यता हवी, असे सांगितले जाते. हे खरे असले तरी तो या हक्काचा आधार होऊ शकत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषा वर्गातील एकाच विद्यार्थिनीच्या उपयोगाचा असेल, तरीही तो दिला पाहिजे. बहुसंख्यांचा फायदा हा निकष लावला तर सर्वांत वेगळ्या गरजेचा माणूस सर्वांत आधी वगळला जाईल.

७. निर्णयाची रीत

समायोजन व्यक्तीपुरते असल्यामुळे त्याची एकच यादी करता येत नाही. करता येते ती निर्णयाची रीत. तिचा गाभा संवाद हा आहे. विद्यार्थ्याने गरज सांगायची, संस्थेने ती पुरवायची किंवा तितकाच उपयोगी पर्याय सुचवायचा, आणि नकार द्यायचा असेल तर ठरलेल्या मुदतीत, लेखी, कारणांसह द्यायचा. विकास कुमार निकालाचे महत्त्व येथेही आहे. आरक्षणासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट असली, तरी वाजवी समायोजनाचा हक्क त्या अटीला बांधलेला नाही, असे न्यायालयाने त्यात ठरवले. तरीही खिडकीवर पहिला प्रश्न ‘टक्के किती?’ हाच येतो.

रीत नसल्याची किंमत कोण भरते, हे नोव्हेंबर २०२१ मधील नीट परीक्षेच्या प्रकरणात दिसले. लेखन-अक्षमता असलेल्या उमेदवार मुलीला परीक्षाकेंद्रावर एक तासाची भरपाईची वेळ नाकारली गेली. चूक मान्य करूनही न्यायालयाने फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. झालेला अन्याय कसा दूर करता येईल याचा विचार परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आठवड्याभरात करावा, असे सांगितले. हक्क शाबूत राहिला आणि तो तास गेला. म्हणून परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखाच्या समजुतीवर काहीही सोडता कामा नये; मान्य झालेले समायोजन प्रवेशपत्रावरच छापलेले असावे आणि समान संधी कक्षाकडे ते अमलात आणण्याचा अधिकार असावा. नुसती पाटी आणि एका प्राध्यापकाकडे दिलेला ‘अतिरिक्त कार्यभार’ एवढ्यावर असा कक्ष चालत नाही.

कायद्याच्या व्याख्येनुसार शैक्षणिक कामासाठी वापरली जाणारी इमारत ही सार्वजनिक इमारत आहे, मग ती शासकीय असो वा खाजगी. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ रोजी अधिसूचित झाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली.